छोट्या स्टेशनाच्या आत काय मांडाल?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात रेल्वे स्टेशनाची एखादी प्रतिकृती हमखास असते. बाहेरून रंगरंगोटी झकास. पण खिडकीतून डोकावावे, तर आत रिकामे खोके आणि एक दिवा. दिवा लागला, की पुठ्ठ्याच्या भिंतींतून उजेड झिरपतो आणि स्टेशनाचा आकाशकंदील होतो! अशा प्रतिकृतीला बक्षीस देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरचे रूप चित्रावरूनही उतरवता येते. आतली खोली मांडायची, तर मोजमाप करावेच लागते.

गंगापूर गावात रेल्वे नाही, पण आपल्या तालुक्यात लासूर स्टेशन आहे. मनमाड–सिकंदराबाद हा तो मार्ग, १९०० साली सुरू झालेला. स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन तिकीट खिडकीची उंची, बाकाची लांबी, दाराची रुंदी मोजून आणा. मग प्रत्येक मापाला ८७ ने भागा. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले; तेथील प्रमाण १:८७ हेच आहे. या हिशेबाने ७५ सेंमी उंचीचे टेबल साडेआठ मिमीचे होते, आणि १६५ सेंमी उंचीचे तिकीटबाबू १९ मिमीचे!

आता बारकावे किती करायचे? याचे उत्तर आपला डोळाच देतो. एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोन करणारी वस्तू डोळ्याला नीट वेगळी दिसत नाही. अर्ध्या मीटरवरून पाहिले, तर ही मर्यादा सुमारे ०.१५ मिमी. तिला ८७ ने गुणा : १३ मिमी. म्हणजे प्रत्यक्षात बोटाच्या जाडीहून बारीक असलेली वस्तू करण्यात श्रम फुकट. खुर्चीचा पाय करा, बाबूंचे पेन करू नका.

पण आतले छायाचित्र मागच्या भिंतीला चिकटवून काम भागेल का? नाही. पाहणारा डोके हलवतो. खऱ्या खोलीत जवळची खुर्ची मागच्या कपाटापुढून सरकताना दिसते, चित्रात दोन्ही एकमेकांना चिकटून राहतात, आणि लबाडी तत्काळ उघडी पडते.

सर्वांत अवघड गोष्ट उजेडाची. दिवसा बाहेर लख्ख असते, त्यामुळे खिडकी काळी दिसते. आतले दिसते ते संध्याकाळी. जर्मनीत हँबुर्ग येथे २००१ मध्ये उघडलेल्या प्रचंड प्रतिकृतीत दर पंधरा मिनिटांनी मुद्दाम रात्र करतात, ती उगीच नव्हे. तुम्हीही पडदा ओढा. भिंतींना बाहेरचा रंग देण्यापूर्वी काळा हात द्या, आतून पांढरा. प्रत्येक खोलीला वेगळा आडोसा हवा. बाजारात मिळणारा ५ मिमीचा एलईडी खोलीत टांगाल, तर त्या प्रमाणात तो ४३ सेंमीचा, म्हणजे घमेल्याएवढा दिसेल. म्हणून तो छताच्या वर लपवा आणि बारीक भोकातून उजेड खाली सोडा. ९ व्होल्टची बॅटरी आणि एकसरीत १२०० ओहमचा रोध पुरे. पांढऱ्या एलईडीला सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. अधिक उजेड नकोच.

छप्पर मात्र चिकटवू नका. दिवा बदलायला ते उघडावे लागते. आणि एखाद्या परीक्षकाने पट्टी घेऊन आतले टेबल मोजायचे ठरवलेच, तर त्यालाही.