हमीपत्र आणि सांडलेले पाणी

जुरोंग ईस्टच्या आमच्या एका विद्यार्थ्याच्या संगणकावर पाणी सांडले. वर्षाचा अभ्यास त्यातच होता. हमीची मुदत बाकी असूनही फुकट दुरुस्ती मिळाली नाही. घरची मंडळी दुकानदारावर रागावली. आमच्या मते तो राग बरोबर नव्हे. हमी कारखान्याच्या दोषाची असते, आपल्या हातून झालेल्या अपघाताची नव्हे. सिंगापुरात २०१२ पासून सदोष मालाविषयी 'लेमन लॉ' आहे, पण सांडलेल्या पाण्याला तोही लागू होत नाही. म्हणून अपघातासाठी वेगळे संरक्षण मिळते का, हे खरेदीच्या दिवशीच विचारावे. पाणी पडलेच तर लगेच यंत्र बंद करावे, पुन्हा सुरू करून पाहू नये, आणि दुरुस्तीचा खर्च आधी लेखी मागावा. पालकहो, हमीपत्र मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. तोही एक धडाच आहे.