तडजोड पैशांची, मौन कागदांचे

पुणे जिल्ह्यात चाकणजवळ शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीच्या संशोधन केंद्राला २००८ साली ग्रामस्थ आणि वारकरी आडवे गेले, तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू म्हणणारे कमी नव्हते. परंतु ज्या कंपनीने २००१ साली युनियन कार्बाइड विकत घेतली आणि भोपाळचे उत्तरदायित्व मात्र झटकले, तिच्या शब्दावर विसंबावे कोणी? अखेर कंपनीला तेथून काढता पाय घ्यावा लागला.

अशा वेळी शब्दांवर नव्हे, कागदांवर भिस्त ठेवावी लागते. आणि नेमके भोपाळचे कागदच आपण बंद राहू दिले. १९८९ साली ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली आणि भरपाईच्या दाव्याची सुनावणीच टळली. हजारो मृत्यूंची किंमत ठरली. कंपनीला आधीपासून काय ठाऊक होते, याचा झाडा मात्र त्या दाव्यात झाला नाही. १९८२ सालीच तिच्या तज्ज्ञांनी कारखान्यातील धोके लेखी नोंदवले होते!

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९८ साली तंबाखू कंपन्यांशी तडजोड केली, ती पैशांवर भागवली नाही. अंतर्गत कागदपत्रे जनतेला खुली करणे भाग पाडले. आज सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संगणकीय संग्रहात तंबाखू उद्योगाचे १ कोटी ४० लाखांहून अधिक दस्तऐवज आहेत आणि पुण्यात बसून कोणीही ते विनामूल्य वाचू शकतो. संशय हाच आपला माल, अशी निर्लज्ज कबुली देणारे १९६९ सालचे टिपणही त्यांत आहे. रोग कसा पसरतो हे वैद्यक सांगते. तो कोणाच्या नफ्यासाठी पसरू दिला जातो, हे असले कागद सांगतात.

माहितीचा अधिकार आहेच की, असे कोणी म्हणेल. पण २००५ चा कायदा बांधतो तो सरकारला. खाजगी कंपनीचे कपाट त्याने थेट उघडत नाही, आणि सरकारदरबारी असलेल्या कागदांनाही व्यापारी गुपिताची ढाल पुढे केली जाते. यंत्राचा आराखडा खुशाल गुप्त राहो. त्यातून गळणाऱ्या विषाची माहिती गुप्त राहता कामा नये.

म्हणून आपली मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे: जनतेच्या आरोग्याला बाधा आणणाऱ्या कंपनीशी होणारी प्रत्येक तडजोड तिचे कागद खुले करूनच व्हावी, आणि ते कागद संगणकावर, मराठीतील गोषवाऱ्यासह, सर्वांना मिळावेत. दरम्यान, जे संग्रह आजच खुले आहेत ते वाचण्याचे काम कार्यकर्त्यांनी विद्यापीठांवर सोपवून स्वस्थ बसू नये. मोर्चाइतकेच तेही लढ्याचे काम आहे.