विज्ञानाचा संच घेताना

सुट्टी जवळ आली की आमच्या युनिटमधले सहकारी मला हमखास विचारतात, "पोराला विज्ञानाची आवड आहे, कुठलं किट घेऊ?" मी तांत्रिक शाखेतला, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. सध्या नेमणूक कोलकात्यात आहे आणि इथल्या दुकानांत रंगीत खोक्यांना तोटा नाही. माझं मत सरळ आहे. मोडलेला भाग बाजारात सुटा मिळत नसेल, किंवा सूचनापत्रकातला शेवटचा प्रयोग झाला की सारंच संपत असेल, तर ते किट कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

प्लास्टिकच्या ज्वालामुखीचं उदाहरण घ्या. आत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. दोनदा फेस येतो, टाळ्या होतात, खोका माळ्यावर जातो. सोडा तर स्वयंपाकघरात असतोच आणि त्यावर लिंबू पिळलं तरी फेस येतो. आपण पैसे मोजतो ते डोंगराचे!

ज्या शहरातून हे लिहितो आहे, तिथे १८९०च्या दशकात जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होते. धड प्रयोगशाळा नव्हती. स्थानिक कारागिराकडून पत्र्याची उपकरणं करून घेऊन त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर काम केलं. टाउन हॉलमध्ये तारेशिवाय दूरवरची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. सिग्नल्समध्ये जाऊ इच्छिणाऱ्या कॅडेट्सनी हे ध्यानात ठेवावं. मला मात्र त्यांची एक लहानशी युक्ती जास्त आवडते. लहरीची कंपनं एकाच दिशेत गाळून घेणारी जाळी त्यांना हवी होती. त्यांनी रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक घेतलं आणि पानांमध्ये धातूचा पातळ वर्ख घातला. झाली जाळी. मग वर्खाशिवाय साधं पुस्तक चालतं का, हेही पाहिलं, आणि तेही चाललं! पुढे त्यांनी बंगालचा ताग पीळ देऊन वापरला. पीळ उजवा की डावा, त्यावर कंपनाची दिशा कुठे वळते हे तपासलं. तो 'वर्ख काढून बघू' हा विचार कुठल्याही सूचनापत्रकात छापलेला नसतो.

मुलाच्या हातात जे द्यायचं, त्यात असं काढून, बदलून बघायला जागा हवी. माझं कुटुंब साताऱ्याला आहे, मुलगी पाचवीत. तिच्यासाठी मी इथल्या चांदणी बाजारातून सुटं सामान घेतलं : सेलचा होल्डर, लाल एलईडी, रेझिस्टर, छोटी मोटर, वाइंडिंगची तांब्याची तार, बहिर्गोल भिंग, होकायंत्र, पट्टी चुंबक. सगळं मिळून चारशेच्या आत. पार्सल पोचल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला, "बाबा, सेल लावला तरी दिवा लागत नाही." मी विचारलं, "काय काय करून पाहिलंस?" लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, एका सेलचे दीड पुरत नाहीत. तिने दोन सेल लावले, तरी लागेना. मग पाय उलटे करून पाहिले. दोन दिवस गेले, पण उत्तर तिचं होतं. त्यानंतर खिळ्यावर तार गुंडाळून चुंबक केला. तारेच्या टोकांवरचं रोगण खरवडल्याशिवाय वीज जात नाही, हेही तिथेच कळलं. सध्या वेढे वाढवले की टाचण्या किती वाढतात, याचा तक्ता वहीत चालू आहे.

लांब असणारे आपण बाप बहुधा महाग खोका पाठवून आपली गैरहजेरी भरून काढू पाहतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा फोनवर, उत्तर न सांगता, तिचं ऐकून घेतलं तर बरं. आमच्या पेशात हुकूम पाळायला शिकवतात ते योग्यच आहे, पण बिघाड शोधणारा जवान आयत्या वेळी तयार होत नाही. शिक्षकांनाही एक विनंती : प्रदर्शनात विकत आणलेल्या मॉडेलला बक्षीस देण्याआधी त्यातली एक तार काढून कॅडेटला ती जोडायला सांगा.

ज्यांना तेवढाही खर्च नको, त्यांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्या अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची खेळणी पाहावीत. ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडून चौकोन केला तर तो डुगडुगतो, त्रिकोण घट्ट उभा राहतो. १९४३ साली सुरू झालेला हावडा पूल ज्याने पाहिला आहे, त्याने त्या पोलादी सांगाड्यात त्रिकोण मोजावेत.

घरात रांगतं मूल असेल तर बटण सेल आणि मण्यांएवढे जोरदार चुंबक आणू नका. ते पोटात गेले तर आतड्याला इजा होऊन जिवावर बेतू शकतं. आणि घरातल्या प्लगची वीज कुठल्याही प्रयोगात नको, सेलवरच भागवा.