कुलूप कोणाच्या हाती?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज तेथे आगगाडीने येत आले आहे. आगगाडीचा एक नियम सर्वांस ठाऊक आहे: एकेरी रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडावयाची; इतरांनी सिग्नलबाहेर थांबावयाचे.

गणकयंत्राच्या पोटातही हाच प्रश्न उद्भवतो. एकाच वेळी चालणारी अनेक कामे, ज्यांना थ्रेड म्हणतात, स्मृतीच्या एकाच भागास हात घालू लागली तर हिशेब बिघडतो. म्हणून त्या भागास कुलूप लावतात. किल्ली ज्याच्या हाती, त्यानेच आत जावे. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात अशा एका साधनास रेल्वेच्या सिग्नलावरूनच ‘सेमाफोर’ हे नाव दिले.

परंतु दोन कामांनी एकेक कुलूप धरून ठेवले आणि दुसऱ्याच्या कुलपाची वाट पाहिली, तर दोन्ही कायमची खोळंबतात. हा दोष हजार वेळा लपतो आणि एकदाच प्रकटतो. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करावयाचे व ‘ठीक झाले’ म्हणावयाचे, ही सवय जडते. ती घातक होय. कारखान्यात वा रुग्णालयात काम थांबवून चालत नाही, हे खरे. पण पुन्हा चालू केल्याने खोळंबा सुटतो, दोष राहतोच, आणि त्याचा मागही पुसला जातो.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचे गणकयंत्र काही दिवसांतच वारंवार नव्याने चालू होऊ लागले. अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच यंत्रावर, घटनांची नोंद ठेवीत, तो दोष पुन्हा घडवून आणला; तेव्हा उलगडा झाला. हवामानाच्या नोंदी करणाऱ्या गौण कामाने कुलूप धरले होते. मध्यम महत्त्वाच्या कामाने त्यास मागे सारले. आणि अधिक महत्त्वाचे काम कुलपापाशी ताटकळत राहिले. उपाय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासूनच होता: वाट पाहणाऱ्याचे महत्त्व कुलूप धरणाऱ्यास तेवढ्यापुरते उसने द्यावयाचे. ती सोय बंद होती. ती चालू करणारी दुरुस्ती पृथ्वीवरून पाठविण्यात आली.

यावरून बोध स्पष्ट आहे. सर्व कामांनी कुलपे एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यावीत, म्हणजे परस्परांस अडविण्याचा पेच पडणारच नाही. आणि यंत्र पुन्हा चालू करण्यापूर्वी कोणते कुलूप कोणाच्या हाती होते, हे टिपून घ्यावे. भिलाईची भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ साली स्थापन झाली. अशा संस्थांतून, किंबहुना शाळांतूनही, नव्या आज्ञावली लिहिण्याइतकेच जुन्यातील दोष शोधण्यास महत्त्व मिळाले पाहिजे. गाडी का अडली हे न विचारताच हिरवा दिवा दाखविणाऱ्या स्टेशनमास्तरास कोणी कर्तव्यदक्ष म्हणणार नाही. गणकयंत्राच्या बाबतीत निराळे माप का लावावे?