विश्लेषण : कमी बजेटच्या चित्रपटात निर्माता फक्त पैसे घालतो का?

नवी मुंबईत हातात कॅमेरा, कथा आणि चार मित्र असलेल्या तरुणांची कमतरता नाही. लघुपटानंतर पुढचा टप्पा पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा असतो आणि तिथे 'निर्माता कोण?' हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा उत्तर वडिलांच्या निवृत्तीच्या पैशापाशी किंवा घरावरच्या कर्जापाशी येऊन थांबते. मात्र पैसे देणारा आणि निर्माता ही एकच व्यक्ती असेलच असे नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेक छोटे चित्रपट पूर्ण होऊनही पडद्यापर्यंत पोहोचत नाहीत.

कायद्यानुसार निर्माता कोण?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा 'कर्ता' दिग्दर्शक नव्हे, तर निर्माता असतो. चित्रपट तयार करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती म्हणजे निर्माता, अशी या कायद्यातील व्याख्या आहे. त्यात पैशाचा उल्लेख नाही. प्रदर्शनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. म्हणूनच मित्रामित्रांनी पैसे काढून चित्रपट केला, पण लेखक, संगीतकार, कलाकार यांच्याशी लेखी करार केले नाहीत, तर ओटीटी कंपनी किंवा वाहिनी हक्क विकत घेताना पहिल्यांदा हीच कागदपत्रे मागते. ती नसतील तर व्यवहार तिथेच थांबतो.

श्रेयनामावलीत इतके निर्माते कशासाठी?

निर्माता मालक असतो आणि अंतिम जबाबदारी त्याची असते. सहनिर्माता पैसा, यंत्रसामग्री किंवा एखादी सेवा देऊन भागीदार होतो. लाइन प्रोड्यूसर रोजचा खर्च, वाहने, जेवण, परवानग्या आणि वेळापत्रक सांभाळतो. मराठीत 'कार्यकारी निर्माता' हा शब्द बहुधा सेटवरचा कारभार पाहणाऱ्यासाठी वापरतात. परदेशात याच पदाचा अर्थ अनेकदा वजन किंवा पैसा मिळवून देणारा असा असतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'चे (२०२०) कार्यकारी निर्माते ऑस्कर विजेते दिग्दर्शक अल्फोन्सो क्युरॉन होते, ते याच अर्थाने.

मराठीत याची उदाहरणे कोणती?

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच होते. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये इंग्लंडला गेले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) घडत असताना सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या चमूचा स्वयंपाक केला आणि फिल्मवरच्या प्रक्रियेतही हात लावला. आजच्या भाषेत भांडवल आणि लाइन प्रॉडक्शन या दोन्ही बाजू त्यांनी सांभाळल्या.

'श्वास'च्या (२००४) मागे एकच मोठा निर्माता नव्हता. अरुण नलावडे, दिग्दर्शक संदीप सावंत आणि सहकाऱ्यांनी मिळून तो उभा केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारताकडून तो ऑस्करसाठीही गेला. तिथल्या प्रचारासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली. 'कोर्ट'चे (२०१४) निर्माते विवेक गोंबर यांनी पटकथा लिहिली जात असतानाच पाठबळ दिले आणि चित्रपटात वकिलाची भूमिकाही केली. व्हेनिस महोत्सवातील पुरस्कारांनंतर त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागात सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवणारा ठरला. भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशा तीन देशांची ही सहनिर्मिती. एकाने सगळी जोखीम घेण्याऐवजी अनेकांनी थोडी थोडी वाटून घेण्याची ही पद्धत आहे.

नवी मुंबईत चित्रीकरण स्वस्त पडते का?

रुंद रस्ते, खाडी, डोंगर, कारखाने आणि मोठी रेल्वे स्थानके एकाच पट्ट्यात असल्याने प्रवासखर्च वाचतो. पण हद्दी अनेक आहेत. दिघा ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठे पनवेल महापालिका, टीटीसी औद्योगिक पट्टा एमआयडीसी, अनेक मोकळे भूखंड सिडको, फलाट रेल्वेकडे आणि कांदळवने वन विभागाकडे. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्ही महापालिकांसाठी एकच. सकाळी वाशीत आणि दुपारी खारघरमध्ये दृश्य घ्यायचे तर जिल्हाही बदलतो.

मोठ्या चित्रपटाचा एक दिवस वाया गेला तर तो खर्च बजेटमध्ये जिरतो. पंधरा दिवसांत संपवायच्या चित्रपटात एक दिवस म्हणजे एकूण चित्रीकरणाचा पंधरावा हिस्सा. त्यामुळे जागा एकमेकींच्या जवळ निवडणे, पावसासाठी घरातील दृश्य राखून ठेवणे आणि परवानगी हातात आल्याशिवाय गाडी न काढणे, हीच इथली खरी बचत आहे.

पैसे परत कसे येतात?

समजा, तिकीट १५० रुपयांचे आहे. १८ टक्के जीएसटी वजा जाता सुमारे १२७ रुपये उरतात. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहाचा असतो, पुढे तो वाढत जातो. उरलेल्या सुमारे ६३ रुपयांतून वितरकाचे कमिशन आणि डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क जाते. निर्मात्याच्या हाती ६० रुपये आले असे धरले, तरी निर्मिती आणि प्रसिद्धी मिळून ६० लाख खर्च झालेल्या चित्रपटाला एक लाख प्रेक्षक लागतात. २५० आसनांच्या पडद्यावर हे ४०० हाउसफुल्ल खेळ होतात.

खेळ मिळणे हीच मोठी अडचण आहे. मराठी चित्रपटांसाठी दुपारी १२ ते रात्री ९ ही प्राइम टाइमची वेळ राज्य सरकारने २०१५ मध्ये जाहीर केली. तरीही जुलै २०२५ मध्ये 'सैयारा'च्या गर्दीत 'येरे येरे पैसा ३'चे खेळ कमी झाल्यावरून वाद पेटला. नावाजलेल्या चेहऱ्यांच्या चित्रपटाची ही गत, तर नवख्यांना सकाळी नऊचा खेळ मिळाला तरी नवल.

राज्य सरकारचे अनुदान हा आधार आहे. दर्जानुसार ४० लाख आणि ३० लाख असे त्याचे दर राहिले आहेत. मात्र ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर प्रमाणपत्र मिळून, परीक्षण झाल्यावर मिळते. सुरुवातीचे भांडवल म्हणून ते धरणे धोक्याचे ठरते.

मग नवख्या चमूने काय करावे?

श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठी (१९७६) गुजरातमधील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्यातून दहा लाख उभे राहिले आणि पुढे हेच शेतकरी आपला चित्रपट पाहायला गावोगावहून आले. भांडवल आणि प्रेक्षक एकाच वेळी तयार झाले. प्रत्येकाला असा सहकार मिळणार नाही. पण चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी तीन गोष्टी ठरवता येतात : हक्क लेखी कोणाकडे आहेत, प्रदर्शनासाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे आणि पैसे बुडाले तर ते कोणाचे असतील. या तीन प्रश्नांची उत्तरे देऊन शेवटपर्यंत थांबणारा माणूस म्हणजे निर्माता. तो चमूत नसेल, तर घरावर कर्ज काढण्याची घाई न केलेलीच बरी.