मेंदूच्या आजारावर संशोधन करणाऱ्या पोराची फेलोशिप थकली, तर गावाचं काय जातं?

मारुंजी (ता. मुळशी) : केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी एक निर्णय घेतला. टीव्हीवर तो खालच्या पट्टीत आला आणि गेला. निर्णय असा, की आरोग्य आणि जीवशास्त्रातल्या तरुण संशोधकांना फेलोशिप देणारा कार्यक्रम तिसऱ्या टप्प्यात पुढे चालू राहणार. खर्च १,५०० कोटी रुपये. त्यातले १,००० कोटी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे डीबीटीचे, आणि ५०० कोटी ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे. ‘इंडिया अलायन्स’ या नावाने हे काम २००८-०९ पासून चालू आहे. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवर काम करणाऱ्या नव्या शास्त्रज्ञांसाठी देशातला हा एक मोठा आधार.

मारुंजी, नेरे, जांबे किंवा चाकणकडच्या माणसाने यात काय बघायचं? दीड हजार कोटी आपल्या गावात थोडेच येणार, असं वाटणं साहजिक आहे. पण जानेवारी २०२५ फार लांब गेलेला नाही.

त्या महिन्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात, धडधाकट माणसांच्या हातापायाला मुंग्या येऊ लागल्या. दोन-चार दिवसांत पाय उचलेनात. काहींना श्वास घेता येईना, व्हेंटिलेटर लावावा लागला. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव तेव्हा घराघरांत पोहोचलं. हा मज्जातंतूंचा आजार. पोटातल्या जंतूशी लढताना शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींचा जीव गेला. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली.

नांदेड आणि किरकटवाडी ही २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलेली गावं. बांधकामं आधी आली, पाण्याची आणि ड्रेनेजची सोय मागून येत राहिली. हिंजवडी-मारुंजी पट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथेही सोसायट्या उभ्या राहिल्या, टँकर आले, आणि पालिकेत जायचं की नाही यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे.

जीबीएसच्या वेळी नमुने तपासायला परदेशात पाठवावे लागले नाहीत. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपली ‘एनआयव्ही’, पुण्यातच १९५२ पासून आहे. केंद्राने पाठवलेल्या पथकात तिथले तज्ज्ञ होते, बेंगळुरूच्या निम्हान्सचेही होते. अशी माणसं साथ आल्यावर जाहिरात देऊन मिळत नाहीत. त्यांना तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती फेलोशिपवर जगतात.

शिडीची पहिली पायरी

इंडिया अलायन्सची फेलोशिप मिळते ती साधारणपणे पीएचडीनंतर किंवा डॉक्टरकीच्या उच्च शिक्षणानंतर. म्हणजे मंत्रिमंडळाने मंजूर केलेला पैसा हा शिडीचा वरचा भाग. खेड्यातलं पोर अडतं ते खाली.

एमएस्सी झालेल्या मुलाने किंवा मुलीने सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत वरचा क्रमांक काढला की ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. त्याआधी ती ३१,००० आणि ३५,००० होती. फार्मसीवाल्यांचं गणित आणखी तंग. मारुंजीतच फार्मसीचं शिक्षण मिळतं, पण जीपॅट पास होऊन एम.फार्म करणाऱ्याला मिळतात महिना १२,४०० रुपये. हिंजवडीच्या आसपास खोली घेऊन राहायचं म्हटलं तर त्यात काय उरणार?

रक्कम कमी आहे हे खरंच. पण रकमेपेक्षा मोठी अडचण आहे ती वेळेची. ३७ हजार दर महिन्याच्या पाच तारखेला येणार असतील, तर शेतकऱ्याचं किंवा कंपनीतल्या कामगाराचं पोर हिशेब जमवतं. तेच पैसे आठ महिने आले नाहीत आणि मग एकदम आले, तर मधल्या आठ महिन्यांत खोलीचं भाडं कोण भरणार? शहरातल्या नोकरदार घरात बाप भरतो. गावात चुलता म्हणतो, “चाकणला ये, कंपनीत चिकटवून देतो.” पोर येतं, आणि प्रयोगशाळा एक माणूस गमावते. कागदावर त्याची नोंद ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढीच होते.

हे काल्पनिक दुखणं नाही. केंद्राच्या इन्स्पायर फेलोशिपचे पैसे महिनोन्महिने रखडल्याच्या तक्रारी २०२४-२५ मध्ये देशभरातून आल्या. ही फेलोशिप विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलांना मिळते, हे लक्षात घ्या. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, जून २०२४ मध्ये, सीएसआयआर-यूजीसी नेट ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली आणि महिन्याने झाली. तयारीसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेल्यांचा एक महिना असाच गेला.

राज्याचं चित्रही फार वेगळं नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था पीएचडीला फेलोशिप देतात. पहिल्या दोन तर पुण्यातच आहेत. २०२३ मध्ये जागा प्रत्येकी २०० वर आणल्या गेल्या आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २४ डिसेंबर २०२३ ला या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली, तर २०१९ च्या सेट परीक्षेचाच पेपर हातात पडला. ती रद्द करून १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली, तर पेपर सीलबंद नसल्याची तक्रार करत मुलांनी बहिष्कार टाकला. याच काळात, नागपूरच्या अधिवेशनात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असं विचारलं होतं. टीका झाल्यावर त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नव्हता. पारावर बसलेल्या दहापैकी आठ जणांच्या मनात तोच असतो.

दिवा कुठे लागतो

उत्तर पाषाणला सापडतं. मारुंजीहून गाडीवर गेलं तर, ट्रॅफिक नसेल तर, फार लांब नाही. तिथल्या आयसर संस्थेत एक प्रयोगशाळा उंदरांच्या मेंदूवर काम करते. उंदीर वास कसा ओळखतो, एवढाच वरवर दिसणारा विषय. कोणीही म्हणेल, सरकारी पैशाने उंदरांना वास देत बसलेत. २०२० मध्ये कोविड आला, लोकांचा वास जाऊ लागला, आणि याच प्रयोगशाळेने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांबरोबर माणसाचा वास किती गेलाय हे मोजणारं उपकरण वापरात आणलं. कसलाही त्रास नसलेल्या, पण पॉझिटिव्ह असलेल्या माणसांचाही वास कमी झालेला त्यात पकडता आला. त्या प्रयोगशाळेच्या कामाला इंडिया अलायन्सच्या फेलोशिपचा आधार होता. उंदरांवरची ती आधीची वर्षं नसती, तर २०२० मध्ये हे काही महिन्यांत जमलं नसतं.

आता गावाकडचे प्रश्न बघा. कुणाला फिट आली की आजही चप्पल नाहीतर कांदा हुंगवला जातो. भारतात फिटच्या आजाराचे रुग्ण एक कोटीच्या आसपास धरले जातात. त्यातल्या काहींच्या फिटचं मूळ पट्टकृमीत असतं. उघड्यावरच्या घाणीतून त्याची अंडी पाण्यात, कच्च्या भाजीवर येतात, पोटात जातात आणि अळ्या थेट मेंदूत जाऊन बसतात. शाकाहारी माणसालाही हे होतं. मुळशी-मावळात याचं प्रमाण किती, कोणत्या वस्तीत जास्त, हे शोधायला घरोघरी जावं लागेल, आणि माणसं जे सांगतात ते त्यांच्या बोलीत समजून घ्यावं लागेल.

लकव्याचंही तसंच. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रुग्ण मात्र आधी लकव्याच्या गावठी औषधाकडे नेला जातो, मग तालुक्याला, मग पुण्याला. हे तास नेमके कुठे जातात? घरच्यांच्या निर्णयात, गाडी मिळण्यात की वाकडच्या पुलावर? यावर नीट अभ्यास करायचा तर तो इथलंच पोर चांगला करेल. मोठ्या शहरात वाढलेल्या संशोधकाला हा प्रश्न सुचायलाच वेळ लागतो.

आणि ओझं वाढतंय. ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या एकूण आजारांच्या ओझ्यात मज्जासंस्थेच्या असंसर्गजन्य आजारांचा वाटा १९९० मध्ये ४ टक्के होता, तो २०१९ मध्ये ८.२ टक्क्यांवर गेला. जवळपास दुप्पट.

म्हणून दीड हजार कोटींच्या घोषणेचं स्वागत करताना एक गोष्ट विचारायला हवी. वरच्या टप्प्यावर पैसा वाढला, तरी खालच्या टप्प्यावर दर महिन्याला तो वेळेत पोहोचणार का? या कार्यक्रमात दोन हजारांहून जास्त विद्यार्थी आणि संशोधक तयार करायचं, आणि महिला संशोधकांना मिळणारी मदत १० ते १५ टक्क्यांनी वाढवायची, असं उद्दिष्ट ठेवलंय. चांगलंच आहे. पण गावातल्या मुलीची पीएचडीची वर्षं आणि घरात लग्नाचा विषय निघण्याची वर्षं एकच असतात. तिची फेलोशिप सहा महिने थकली की तिच्या बाजूने बोलणारं घरात कुणी राहत नाही. आमदार-खासदार गावात येतात तेव्हा रस्ता आणि पाणी मागितलं जातं, ते मागायलाच हवं. फेलोशिप थकली म्हणून कुणी ग्रामसभेत उभं राहिल्याचं सहसा ऐकू येत नाही. अशी पोरं प्रत्येक गावात एक-दोनच असतात, त्यामुळे त्यांचा गट होत नाही.

ज्यांच्या घरात कुणी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यांच्यासाठी : सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रासाठी असते. शेवटच्या वर्षाची मुलंही फॉर्म भरू शकतात. जीवशास्त्र घेतलेल्यांना डीबीटीची वेगळी परीक्षाही देता येते. जेआरएफसाठी वयाची अट आहे आणि राखीव प्रवर्गांना व मुलींना त्यात सूट आहे, त्यामुळे जाहिरात आली की आधी तो रकाना वाचावा.