विज्ञानाच्या उंबरठ्यावर : बारीक तारेचे बळ

कपडे वाळत घालावयाची तार बारीक असली तर लवकर तुटते, हा घरोघरचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. मात्र बारीकपणाची एक पायरी अशी येते की, तेथे हा हिशेबच उलटतो.

धातूच्या मुलाम्यावर कधी कधी आपोआप सूक्ष्म केस उगवतात. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत हेरिंग व गॉल्ट यांनी 1952 साली कथलाचे असे केस वाकवून पाहिले. एरवी सहज वाकून तसेच राहणारे कथील ह्या रूपात मात्र पुन्हा सरळ होई! 1956 साली ब्रेनर यांनी लोखंडाचा असाच केस ओढला, तेव्हा त्याचे बळ चौरस मिलिमीटरला सुमारे 1300 किलो भरले. बांधकामाचे साधे पोलाद 40-50 किलोंतच तुटते. जड जाजम सरकवताना आपण त्याला चुणी पाडून ती पुढे ढकलतो. जाड धातूतील अणूंच्या रांगाही अशाच चुणीचुणीने घसरतात. त्या केसात चुणी जवळजवळ नसतेच, म्हणून सारी रांग एकदम हलवावी लागते.

आजची नॅनोतार तर आपल्या केसाच्या काही हजाराव्या हिश्शाइतकी. ती धरावी कशी? 1997 साली हार्वर्ड विद्यापीठात वाँग, शीहान व लीबर यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या तारेचे एक टोक पक्के जखडले आणि मोकळा भाग अतिसूक्ष्म सुईने बाजूला लोटून किती जोर लागतो ते मोजले. मेजाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरून मुले तिचे टोक वाकवतात, तोच हा प्रकार.

खरी मेख जाडीच्या मापात आहे. गोल तारेचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडीत शेकडा 10 ची चूक झाली, की उत्तर जवळजवळ दीडपटीने फसते. टोक किंचित सैल राहिले, तर ताठ तारही मऊ भासते. झिंक ऑक्साइडच्या तारांचा ताठरपणा कोणाला 30 गिगापास्कलच्या आसपास मिळाला, तर कोणाला 200 च्याही वर. तार बारीक होते तसा तिचा ताठरपणा खरोखरच वाढतो, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा ह्या तफावतीतला तारेचा वाटा किती आणि मापाचा किती, हे निवडणे सोपे नाही. म्हणून नॅनोतारेच्या बळाचा नवा आकडा वाचनात आला, की आम्ही आधी जाडी कशी मोजली ते पाहतो, आणि मग तो आकडा.